बेटावर चाकू नको, कोयता न्या

निर्जन बेटावर एकच वस्तू न्यायची मुभा असेल तर काय न्याल, हा प्रश्न पूर्वी शाळेच्या सहलीत, बसमध्ये वेळ जात नसला की विचारला जायचा. आता तो खरेदीचा प्रश्न झाला आहे आणि त्याचं उत्तरही ठरून गेलं आहे : चाकू. वाद उरला आहे तो कुठल्या कंपनीचा, किती इंचांचा आणि कुठल्या पोलादाचा एवढाच. वांद्र्यात माझ्या ओळखीच्या, पंचविशीतल्या निदान चार मुलांकडे असा ‘सर्व्हायव्हल नाईफ’ आहे. काळं पातं, पाठीवर करवतीचे दात, मुठीला गुंडाळलेली नायलॉनची दोरी, म्यानात ठिणगी पाडायची कांडी. चौघांच्याही चाकवांनी आजवर केलेलं सगळ्यात अवघड काम म्हणजे कुरिअरच्या खोक्यावरची चिकटपट्टी कापणं.

यात कुणाचं काही नुकसान नाही, छंद आहे, असं कुणीही म्हणेल. मला तसं वाटत नाही. हा चाकू विकताना त्याच्याबरोबर एक गोष्टही विकली जाते. जगणं म्हणजे एकट्या पुरुषाने निसर्गाशी केलेली मारामारी, आणि त्या मारामारीचं ज्ञान परदेशातून पार्सलने येतं, अशी ती गोष्ट आहे. ती खोटी आहे. चाकू म्हणूनही खोटी आहे आणि बेट म्हणूनही. आणि ती वांद्र्यात खरी मानली जावी हे तर फारच झालं, कारण वांद्रे स्वतः एका बेटावर आहे आणि पात्याच्या जोरावर जगणारी माणसं इथे अजून आहेत.

म्हणून माझं उत्तर आधीच सांगून टाकते. बेटावर जायचंच असेल तर कोयता न्या. का, ते पुढे.

पडद्यावरचा चाकू

आज जो चाकू ‘सर्व्हायव्हल’ म्हणून विकला जातो त्याचं रूप बरंचसं एका सिनेमातून आलं आहे. १९८२ साली ‘फर्स्ट ब्लड’ आला. सिल्व्हेस्टर स्टॅलनच्या हातातला चाकू आर्कान्सामधल्या जिमी लाइल नावाच्या कारागिराने बनवला होता. मोठं पातं, पाठीवर दात आणि मूठ पोकळ, आत काड्या, सुई-दोरा वगैरे ठेवायला. लाइल उत्तम कारागीर होता. त्याच्या चाकूच्या ज्या हजारो स्वस्त नकला नंतर निघाल्या, त्यांच्याबद्दल तसं म्हणता येत नाही.

पोकळ मुठीचं गणित साधं आहे. चांगल्या चाकूत पात्याचं पोलाद मुठीच्या आत शेवटपर्यंत गेलेलं असतं. आपण लाकडावर घाव घालतो तेव्हा त्याचा धक्का त्या अखंड पोलादातून हातापर्यंत येतो. मूठ पोकळ केली की पातं मुठीच्या तोंडाशीच संपतं. मग प्रत्येक घावाचा सगळा ताण त्या एका सांध्यावर येतो आणि स्वस्त चाकू नेमका तिथेच तुटतो. सुई-दोरा खिशातही मावतो. त्यासाठी चाकू मोडका बनवायची गरज नव्हती.

पाठीवरच्या दातांचंही तसंच. खऱ्या करवतीचे दात एक डावीकडे, एक उजवीकडे असे वाकवलेले असतात, म्हणून चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि करवत अडकत नाही. चाकूच्या पाठीवरच्या दातांना सहसा असा वाक नसतो. ओल्या फांदीत दोन इंच गेले की ते भुशाने भरतात आणि रुततात. शिवाय त्यांच्यामुळे पाठीचा उपयोगही जातो. जाड लाकूड फाडायचं तर पातं त्यावर टेकवून पाठीवर दुसऱ्या लाकडाने ठोकावं लागतं. पाठीवर दात असले की ते ठोकणाऱ्या लाकडाचेच तुकडे पाडतात.

आणि दुधारी खंजीर? तो माणूस भोसकायला बनलेला आहे. निर्जन बेटावर त्याचं गिऱ्हाईक नाही.

रील्समध्ये आणखी एक प्रकार नेहमी दिसतो. हातातला एकमेव चाकू काठीला बांधून त्याचा भाला करायचा आणि तो फेकायचा. एकदा नेम चुकला, खडकावर आपटला किंवा पाण्यात गेला की गेलं सगळं. त्या चाकूने काठीचंच टोक तासून, विस्तवावर भाजून कडक केलं तर भालाही होतो आणि चाकूही हातात राहतो. पण ते दिसायला तेवढं भारी नाही.

सगळेच चाकू वाईट, असं मी म्हणत नाही. स्वीडनमधल्या मोरा गावाच्या नावाने ओळखले जाणारे चाकू पाहा. चारेक इंचांचं पातं, साधी मूठ, दात नाहीत, होकायंत्र नाही, किंमतही फार नाही. तिकडचे सुतार आणि कामकरी ते रोज वापरतात. म्हणजे चांगला चाकू तिकडेही कामावरच्या माणसाच्या हातात सापडतो. मासा साफ करायला, दोरी कापायला, खुंटी तासायला तो उत्तम आहे. पण नारळाच्या बेटावर तो अपुरा पडेल आणि त्याचं कारण त्या बेटांवर राहणाऱ्यांनी फार पूर्वीच ओळखलं आहे.

बेटांचं मत पडलेलं आहे

फिलिपिन्समध्ये त्याला बोलो म्हणतात. मलाय मुलखात परांग, इंडोनेशियात गोलोक. कॅरिबियन बेटांवर मचेटे किंवा कटलस. पापुआ न्यू गिनीत बुश नाईफ. आणि आमच्याकडे कोयता. एकमेकांपासून हजारो मैलांवरच्या, एकमेकांची भाषा न कळणाऱ्या माणसांनी बेटावर, किनाऱ्यावर, जंगलात राहून जे पातं निवडलं ते जवळजवळ एकच आहे. हातभर किंवा त्याहून थोडं कमी लांब, रुंद, एकधारी, टोकाकडे वजनदार. कुठल्या चाकूला किती तारे मिळाले हे मोबाइलवर बघण्यापेक्षा हे मतदान मोठं आहे. त्यात मत देणाऱ्यांचा जीव पणाला लागला होता.

आपला कोकणी कोयता घ्या. गावातला लोहार तो बऱ्याचदा ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून बनवतो. ते पोलाद वर्षानुवर्षं खड्ड्यांतले हादरे खायला बनवलेलं असतं, म्हणून ते चिवट असतं. लोहार ते तापवून, ठोकून आकाराला आणतो आणि मग धारेला पाणी देतो. पाणी देणं म्हणजे तापलेलं पातं विझवून धार कडक करणं. पाठ मऊच राहू देतात, म्हणून घाव बसला तरी पातं तडकत नाही. कार्बन किती, तापमान किती, हे लोहार आकड्यांत सांगणार नाही. पात्याचा रंग पाहून तो ठरवतो. हे धातुशास्त्रच आहे, फक्त त्याचं माहितीपत्रक छापलेलं नसतं.

या कोयत्याने काय होतं? तीन घावांत शहाळं उघडतं. झावळ्या तोडून, विणून छप्पर होतं. जळाऊ लाकूड फाडता येतं. टोकाच्या बाकामुळे काटेरी फांदी हात न लावता ओढून घेता येते. पाठीने खुंटी ठोकता येते, शिंपले फोडता येतात. पात्याच्या मधोमध, पाठीकडून धरला तर मासाही साफ होतो. आणि तो हातात धरून हिंडावं लागत नाही. कमरेला आकडी, आकडीत कोयता, दोन्ही हात माडावर चढायला मोकळे. माडी काढणारे भंडारी आणि रानात जाणारे वारली यांनी ही सोय कधीची करून ठेवली आहे.

यावर नेहमीचा आक्षेप गंजाचा असतो. कोयता साध्या पोलादाचा, समुद्राच्या हवेत गंजणारच. स्टेनलेस गंजत नाही. खरं आहे. स्टेनलेसमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, त्यामुळे ते गंजाला पुष्कळ टिकतं. पण कडक स्टेनलेसची धार एकदा गेली की किनाऱ्यावरच्या दगडावर ती परत आणताना हात मोडतात. कोयत्याची धार साध्या खडबडीत दगडावर येते. गारगोटी मिळाली तर त्याच्या पोलादातून ठिणगीही पडू शकते, स्टेनलेसमधून सहसा पडत नाही. गंजाला उपाय म्हणजे रोज पुसणं आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवणं. माडाच्या बेटावर खोबरं कमी पडणार नाही.

एक गोष्ट मात्र कोयत्यालाही जमत नाही, ती विळीला जमते. चाकवात वस्तू थांबते आणि पातं हलतं. विळीत पातं थांबतं आणि वस्तू हलते. पाट पायाखाली दाबला की दोन्ही हात मोकळे आणि अंगाचं वजन कामाला. मोठा मासा पात्यावर दोन्ही हातांनी ढकलून कापता येतो. नारळ सोलायची जमिनीत रोवलेली पहार याच तत्त्वावर चालते. इथले ईस्ट इंडियन लोक विळीला मोरली म्हणतात. हजारो वर्षं बेटांवर-किनाऱ्यांवर घर चालवणाऱ्या बायकांच्या हातातलं हे हत्यार जगातल्या एकाही सर्व्हायव्हल यादीत नाही. कारण ते कमरेला लटकवून फोटो काढता येत नाही.

क्रूसोने खरं काय नेलं

एकट्याने बेटावर जगायची कल्पना ज्या पुस्तकातून घरोघर गेली ते डॅनिअल डिफोचं ‘रॉबिन्सन क्रूसो’, १७१९ सालचं. पुस्तक वाचलेलं नसतं तेव्हा वाटतं की क्रूसो एका चाकूवर अठ्ठावीस वर्षं जगला. किनाऱ्याला लागला तेव्हा त्याच्याकडे खरोखरच एक चाकू, एक चिलीम आणि थोडी तंबाखू एवढंच होतं. पण पुढचे बारा-तेरा दिवस तो काय करतो? फुटलेल्या जहाजावर पुन्हा पुन्हा जाऊन सामान आणतो. सुताराची पेटी, कुऱ्हाडी, बंदुका, दारू, धान्य, शिडाचं कापड. डझनभर सुऱ्या आणि काटेही. अख्ख्या समाजाने बनवलेल्या वस्तूंचं एक गोदामच त्याच्या हाती लागतं. त्याला वादळ गाठतं तेव्हा तो ब्राझीलहून आफ्रिकेत गुलाम आणायला निघालेला असतो, हेही मुलांच्या संक्षिप्त आवृत्त्यांतून बऱ्याचदा गळतं. पुढे त्या ‘निर्जन’ बेटावर माणूस भेटतो, तर त्याला शिकवलेल्या पहिल्या शब्दांत ‘मालक’ हा शब्द असतो.

पण डिफो हुशार लेखक होता. क्रूसोच्या सामानात त्याने धार लावायचं दगडी चाक ठेवलं आहे आणि ते फार उपयोगाचं म्हणून सांगितलं आहे. पुढे हत्यारं बोथट होतात. चाक आहे, पण एका हाताने चाक फिरवून दुसऱ्या हाताने धार लावता येत नाही. मग क्रूसो पायाने फिरेल असं दोरीचं यंत्र बनवतो, आणि त्यात त्याचा अख्खा आठवडा जातो.

हे वाचताना मला आमच्या गल्लीतला धारवाला आठवतो. सायकल स्टँडवर चढवायची, सीटवर बसून पॅडल मारायचं, पट्ट्याने पुढचं चाक फिरतं, दोन्ही हात कात्रीला मोकळे. क्रूसोला आठवडा लागला ते यंत्र हा माणूस पाली हिलच्या चढावर रोज ढकलत नेतो. बेटावर कुठला चाकू न्यावा हे त्याला कुणी विचारलेलं नाही. एकदा मी विचारलं. तो म्हणाला, “ताई, चाकू कुठलाबी न्या, आठ दिवसांत त्याचं लोखंड होतं. दगड न्या.” त्याला डिफो माहीत असण्याचं कारण नाही. दोघांनी सांगितलं ते एकच.

क्रूसोची गोष्ट सुचायला जो खरा माणूस कारण झाला असं मानतात, त्या अलेक्झांडर सेलकर्कचं उदाहरण आणखी बोलकं आहे. १७०४ ते १७०९ अशी चार वर्षांहून जास्त तो प्रशांत महासागरात, आजच्या चिलीच्या किनाऱ्यापासून दूरच्या एका बेटावर एकटा होता. त्याचा चाकू काही काळाने झिजून संपला. मग त्याने किनाऱ्यावर पडलेल्या पिंपांच्या लोखंडी पट्ट्या घेतल्या, ठोकून सपाट केल्या, दगडावर घासून धार काढली आणि नवे चाकू केले. अंदमानातल्या नॉर्थ सेंटिनेल बेटावरच्या लोकांनी १९८१मध्ये तिथे अडकलेल्या ‘प्रिमरोझ’ जहाजाच्या लोखंडातून आपली हत्यारं केली. तेव्हा खरा प्रश्न चाकू कुठला, हा नाही. चाकू संपल्यावर पुढचा तुम्हाला करता येईल का, हा आहे. ज्याला तो करता येतो त्याला पहिल्या चाकूची किंमत विचारावी लागत नाही.

निर्जन कोण म्हणतं?

आता बेटाकडे येते. वांद्रे हे साष्टी बेटाचं दक्षिण टोक. १८४५मध्ये लेडी आवाबाई जमशेटजी जिजीभॉय यांच्या देणगीतून माहीमचा कॉजवे झाला. तोवर इथून माहीमला जायला होडी लागायची. आज सी लिंकवरून जाताना हे कुणाला जाणवत नाही, पण बेट अजून बेटच आहे.

या बेटावर पात्याचं कौशल्य कायम होतं. शहराचा कत्तलखाना १९७१मध्ये देवनारला गेला, तोवर तो वांद्र्यात होता. जनावराचा सांधा न बघता बोटांनी ओळखणारे, सुरी जोराने न चालवता सांध्यातून फिरवणारे लोक या उपनगरात पिढ्यान् पिढ्या होते. चिंबईला, खार दांड्याला कोळीवाडे आहेत. ओहोटीला खडक उघडे पडले की लहानशी लोखंडी कोयती घेऊन कालवं काढायला बसलेल्या बायका या किनाऱ्यावर दिसतात. सिनेनटांचे बंगले बघायला जमलेली गर्दी बँडस्टँडच्या कठड्यावरून समुद्राकडे पाठ करून सेल्फी काढत असते. जगातला कुठलाही सर्व्हायव्हल शो ज्या प्रसंगासाठी कॅमेरा लावून बसतो, म्हणजे माणूस समुद्रातून हाताने अन्न काढतो आहे, तो प्रसंग तिच्या पाठीमागे तिकिटाशिवाय चालू असतो.

कालवं काढणारीला ओहोटी केव्हा लागेल हे मोबाइलमध्ये बघावं लागत नाही. हिशेब जुना आहे. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची. जेवढे येतील, साधारण तेवढ्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती आणि नऊच्या सुमाराला ओहोटी. अष्टमीला सहा. पाऊणकी पाठ असलेल्या माणसाला हे चालता चालता सांगता येतं. बेटावर हे माहीत असलेला माणूस हजारोंचा चाकू असलेल्या माणसापेक्षा जास्त दिवस जगेल, कारण खडकावर कधी उतरायचं आणि कधी परत फिरायचं हे त्याला ठाऊक असेल.

बाजारात मी ज्या मावशींकडून मासे घेते त्यांना विचारलं, तुमच्या कोयत्याला धार कोण लावतं? “मीच लावते. दुसऱ्याच्या हातची धार माझ्या हाताला चालत नाय.” एवढंच बोलून त्यांनी सुरमईचे तुकडे केले, सगळे एका जाडीचे. पातं एकदाही थबकलं नाही.

आपल्या किनाऱ्यावरच्या खऱ्याखुऱ्या ओसाड बेटांचा इतिहासही हेच सांगतो. १६७९मध्ये शिवाजी महाराजांच्या माणसांनी मायनाक भंडारीच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या तोंडाशी असलेलं खांदेरी बेट ताब्यात घेतलं आणि तटबंदी सुरू केली. मुंबईच्या इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. बेट टिकलं, कारण सैनिकांबरोबर दगडकाम करणारे मजूर होते आणि लहान लहान होड्या इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना चुकवून सामान पोचवत होत्या. सिंधुदुर्ग उभा राहिला तो ज्या खडकावर गोड्या पाण्याच्या विहिरी मिळाल्या त्या खडकावर. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव आजही तिथे आहेत. यातला एकही माणूस एकटा नव्हता. एकट्याने बेट वसवल्याची गोष्ट आपल्या किनाऱ्याला माहीतच नाही.

कोणाचं पातं छंद, कोणाचं गुन्हा

आता खऱ्या भांडणाचा मुद्दा. आपला शस्त्र कायदा १९५९चा. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं त्याच्या कक्षेत येतात. मात्र घरकाम, शेती, विज्ञान किंवा उद्योग यांसाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. म्हणजे कायद्याला पात्यामागचं काम दिसतं. समाजाला ते दिसेनासं झालं आहे. आज मराठी बातम्यांत ‘कोयता’ हा शब्द बहुतेक वेळा ‘गँग’ या शब्दाला जोडूनच येतो. कोयत्याने दहशत माजवणारी टोळकी आहेत आणि त्यांना पकडलंच पाहिजे. पण भोसकण्यासाठीच घडवलेला काळा खंजीर ‘टॅक्टिकल’ म्हणून घरपोच येतो आणि तो छंद ठरतो. शेताचं, माडाचं, मासळीचं अवजार मात्र गुंडाचं नाव होऊन बसतं. याला मी नुसता योगायोग मानत नाही. ज्यांच्या हातात काम आहे त्यांच्या हातातली प्रत्येक वस्तू आपल्याला संशयाची वाटते, आणि ज्यांच्या हातात नुसती वस्तू आहे त्यांना आपण हौशी म्हणतो.

इथे कुणी म्हणेल, तुम्ही कोयत्याचं उदात्तीकरण करताय. मुळीच नाही. कोयता म्हणजे काय हे मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगारांना विचारा. तिथे नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. दोन माणसं मोजताना एक अवजार मोजलं जातं. २०१९मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न एवढा वाढला की सरकारला समिती नेमावी लागली. त्या बाईला जाऊन ‘तुमचा कोयता किती सुंदर’ असं सांगायची माझी हिंमत नाही. म्हणूनच शिसवी मुठीचा कोयता भिंतीवर टांगून त्याला वारसा म्हणायचं, ही पुढची फॅशन आली तर तिलाही माझा तेवढाच विरोध असेल. भिंतीवरचा कोयता आणि खोक्यातला रॅम्बो चाकू यांत फरक नाही. दोन्हींमधून राबणारा हात काढून टाकलेला आहे.

दुसरा आक्षेप असा, की हा सगळा कल्पनेचा खेळ आहे, खऱ्या बेटावर कोण जातंय? जाणारे गेले. वीस वर्षांपूर्वी आपण सगळेच गेलो होतो.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदी फुगली, कलानगर आणि कुर्ला पाण्याखाली गेलं, गाड्या थांबल्या, फोन बंद पडले. शहराची पुन्हा बेटं झाली आणि प्रत्येक बेटावर अनोळखी माणसं अडकली. शहरात चारशेहून जास्त लोक गेले. काही जण बंद गाड्यांत गुदमरून गेले, कारण पाण्यात काचा उतरेनात. त्या रात्री कामाला काय आलं? दोरी, छातीभर पाण्यात पुढे चालून उघडं गटार कुठे आहे ते सांगणारा माणूस, जिना उघडा ठेवणाऱ्या सोसायट्या, बिस्किटांचे पुडे, कुणाच्या तरी घरातला कोरडा कपडा. ज्यांना वस्ती माहीत होती त्यांनी इतरांना बाहेर काढलं. तेव्हाच्या शेकडो आठवणी मी वाचल्या-ऐकल्या आहेत. चाकवाने कुणाला वाचवल्याची एकही मला भेटलेली नाही.

हवामान ज्या दिशेने चाललं आहे त्यात असा दिवस पुन्हा येणार. तो येईल तेव्हा या शहराला भरती-ओहोटी ओळखणारे, होडी चालवणारे, दोरीची गाठ मारता येणारे, पाण्याचा अंदाज असलेले लोक लागतील. ते लोक आज कोळीवाड्यांत आहेत, आरेच्या पाड्यांत आहेत. आणि आपण त्यांचं काय करतो आहोत? मासळी सुकवायची जागा पार्किंगला देतो. मासळीच्या वासाची तक्रार सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो. २०१९च्या ऑक्टोबरात आरेत रातोरात दोन हजारांहून जास्त झाडं पडली, तेव्हा ते जंगलच नाही असं सांगितलं गेलं. कुठलीही जागा घ्यायची असली की आधी तिला रिकामी म्हणावं लागतं. ‘निर्जन बेट’ हा शब्द जगभर याच कामासाठी वापरला गेला आहे. त्यामुळे तो निरागस गप्पांतला शब्द म्हणून मी ऐकू शकत नाही.

मग करायचं काय?

ज्यांच्याकडे काळा चाकू आहे त्यांनी तो फेकावा असं मी म्हणत नाही. पण तो घेताना जेवढी रील्स बघितली तेवढा वेळ आणखी काही गोष्टींना द्यावा. धारवाला गल्लीत आला की घरातल्या सुऱ्या घेऊन खाली जा आणि तो पातं कुठल्या कोनात धरतो ते बघा. त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. एकदा तरी विळीवर पूर्ण मासा स्वतः कापा. विशेषतः मुलांनी. तिथीवरून भरती काढायला शिका आणि कार्टर रोडला जाऊन पडताळून बघा. कोकणात गेलात तर लोहाराकडून कोयता घ्या, तो घरच्या कामाला वापरा, पुसून तेल लावून ठेवा. आणि किनाऱ्यावरच्या कोळीवाड्याची हद्द आखायचा किंवा पुसायचा विषय निघेल तेव्हा आपलं घर समुद्रदर्शनी आहे की नाही हे विसरून बोला.

बेटावर कुठला चाकू न्यायचा, असं पुन्हा कुणी विचारलं तर मी सांगेन, कोयता न्या आणि धार लावायला दगड न्या. पण दोन्ही नेण्याआधी बाजारात मावशींच्या शेजारी महिनाभर पाटावर बसायला मिळतं का ते विचारा. त्या हो म्हणतील असं नाही. त्यांना कामं असतात.